पुडीतलं जहर, गोळीतली दवा

माझी सासू हंसाबाई देवावरसुद्धा डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही. गिरणीतून दळण आलं की पिठाचा डबा उचलून वजन जोखते. मी वाढलेली भाजी आधी हुंगते. सोळा वर्षं मी हे सोसतेय. अशी बाई गुडघेदुखीची पुडी मात्र कळंबच्या बाजारात एका अनोळखी माणसाकडून घ्यायची. का, तर तो आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत तिला ‘याडी’, म्हणजे आई, म्हणाला!

दोन वर्षं पुडी चालली. गुडघे पळू लागले, पण तोंड पुरीसारखं फुगलं. त्याचाही आळ माझ्यावरच. “शीला, जेवनात काय टाकून राह्यली?” शेवटी मी तिला यवतमाळला नेलं.

डॉक्टर धम्मरत्न यांनी रक्त तपासलं, पुडीही पाहिली. “आजी, यात स्टेरॉइड हाय. किडनीच्या वर दोन ग्रंथी असतात, त्या हेच बनवतात. डोक्यातून हार्मोनचा हुकूम आला तरच. बाहेरून आयतं भेटलं का हुकूम बंद. मंग ग्रंथीच्या सालीतल्या पेशी मरतात, साल पातळ होते. आतला गर तेवढा टिकते, तो त्या हुकमावर जगत नाही. म्हणून एकदम बंद नाही करायचं, नाही तं जीवावर बेतन. ही गोळी घ्या, हळूहळू कमी करू. साल पुन्हा भरन.”

“या गोळीतबी तेच हाय?”

“तेच. पण मोजून.”

“पुडीत असलं तं जहर, अन् तुमच्या गोळीत असलं तं दवा?”

डॉक्टर हसले. ती हसली नाही.

पुडी बंद झाली. घरी मी रोज सकाळी गोळी तिच्या हातावर ठेवायचे. चौथ्या दिवशी सुपारी शोधताना तिच्या चंचीत तीन गोळ्या सापडल्या. मी चंची बांधून जागेवर ठेवली आणि गप्प बसले.

दोन दिवसांनी उलट्या सुरू झाल्या, अंग गार पडलं, तिला उठता येईना. माझ्या नवऱ्यानं, शामनं, ऑटोत घालून दवाखाना गाठला. सलाइन आणि इंजेक्शनवर ती वाचली.

दुसऱ्या दिवशी डोळे उघडून तिनं विचारलं, “चंचीची गाठ तू बांधली होती ना?”

“हो.”

“मंग बोलली काहून नाही?”

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. “म्हटलं, मरू दे. रोज माझ्यावर संशय घेता.”



“मले वाटलंच,” ती म्हणाली, आणि हात पुढे केला. “आण गोळी. तू तोंडावर खरं बोलली. तुह्या हातची घेतो.”

मला रडू फुटलं.

“रड मंग,” ती म्हणाली. “आधी गोळी दे.”