शंभरावरचा काटा

आमची गाडी बघायला सुरतेहून एक हौशी गृहस्थ आले होते. जुन्या, दोन सीटच्या, उघड्या टपाच्या विलायती गाड्या जमवतात म्हणे. चहा झाला, गाडीभोवती तीन फेऱ्या झाल्या, बॉनेट उघडून झालं, आणि मग आत डोकावून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अरेरे! स्पीडच्या मीटरची पार वाट लावली की कोणीतरी. हे असलं काय रंगवून ठेवलंय? ही तबकडी फेकून द्या, मी तुम्हाला अस्सल मिळवून देतो."

मी म्हटलं, "तुमचा चहा झाला ना? मग निघा."

राग माझ्या नाकावर असतो, हे अर्ध्या शहाद्याला माहीत आहे. पण त्या दिवशी चूक त्यांचीच होती. ते 'असलं काय' म्हणजे आमच्या ह्यांनी बारीक ब्रशानं काढलेले मराठी आकडे. वीस, चाळीस, साठ, ऐंशी, शंभर. फक्त माझ्यासाठी काढलेले. विलायती गाडीत आपले आकडे बसवून घेणारी बाई जिल्ह्यात दुसरी दाखवा मला!

हे साखर कारखान्यात मीटरांचे फिटर होते. आमचा सगळा संसार पुरुषोत्तमनगरच्या कॉलनीत झाला. बॉयलरवर, वाफेच्या नळांवर जिथे म्हणून काट्याची गोल तबकडी असेल, ती ह्यांच्या ताब्यातली. मीटर उतरवायचं, टेबलावर घ्यायचं, खऱ्याशी ताडून बघायचं आणि मागच्या बाजूला चिठ्ठी चिकटवायची. 'तपासले', त्याखाली 'फरक', त्याखाली सही. फरक काहीच नसला तरी शून्य लिहायचं. माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याच्या बुडालाही अशी चिठ्ठी होती, आता बोला! "माणूस खोटं बोलना तर भांडन व्हस," हे म्हणायचे, "मीटर खोटं बोलनं तर मानसं मरतस." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पोळी लाटता लाटता मीच ते पुरं करायचे.

गाडी आली ती माझ्या माहेराहून, ब्राह्मणपुरीहून. तिथल्या एका केळीवाल्या बागायतदारानं तरुणपणी हौसेनं मुंबईहून आणलेली. हौस फिटली तशी गाडी गोठ्यात गेली. मी लहानपणी तिच्या सीटवरची अंडी गोळा केलेली आहेत. लग्नानंतर एकदा ह्यांना सहज दाखवायला नेलं, तर हे गोठ्यातून बाहेरच येईनात. बागायतदार हसून म्हणाला, "जावईबापू, लई जा. कोंबड्यांनी दुसरी सोय करसू." पुढची दोन वर्षं गाळप बंद असेल तेवढे महिने हे त्या गाडीखाली आणि मी पाने देत बाजूला बसलेली. बारा नंबर, चौदा नंबर, ह्यांच्या नुसत्या हाताच्या खुणेवरून मला कळायचं.

गाडी चालू झाली तेव्हा पहिल्यांदा मीच चालवली. मी बापाच्या घरी ट्रॅक्टर चालवलेली पोरगी, मला कोण अडवणार? पण ट्रॅक्टर कितीही दाबा, तो आपल्या चालीनंच जातो. ही बया पायाचं बोट लागलं की उधळायची. मला वेगाचं वेडच लागलं. "अजून, अजून," करत मी दामटायचे. आणि एका दिवशी कारखान्याच्या वळणावर उसाच्या बैलगाड्यांची रांग समोर आली. ब्रेक दाबला, तरी शेवटच्या गाडीच्या उसाची शेंडी काचेला घासून गेली. बैल जागचा हलला नाही. हे खाली उतरले, बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, गाडीवानाची माफी मागितली. मला एक शब्द बोलले नाहीत. मला वाटत होतं, चार शिव्या घाला, पण बोला.

त्याच आठवड्यात ह्यांनी स्पीडचं मीटर काढून दुरुस्तीला म्हणून कारखान्यात नेलं. चार दिवसांनी आणून बसवलं तेव्हा तबकडी नव्यासारखी काळीभोर आणि तिच्यावर पांढरेशुभ्र मराठी आकडे. म्हणाले, "ते मैलनं लफडं कसाले? आते तुले तुन्हा आकडा दिसतीन." मी काय सांगू, मला रडू आलं. मी बैलगाडीवर जाऊन आदळणार होते, आणि हा माणूस मला बक्षीस देत होता.

मग वर्षानुवर्षं आमचा एकच शौक. गाळप नसलेल्या महिन्यांत, रविवारी सकाळी, प्रकाशा गावाकडचा रस्ता. मी चाकावर, हे बाजूला, टोपी मांडीखाली दाबून. काटा ऐंशीच्या पुढे गेला की हे डॅशबोर्ड धरायचे. शंभरावर टेकला की ओरडायचे, "शंभर! धीरे चाल वं, मी मरी जासू!" मी हसून हसून बेजार व्हायचे आणि पाय सैल करायचे. शंभर हा आमचा ठरलेला आकडा होता. त्याच्या पुढे मी कधी गेले नाही, कारण त्यांचा चेहराच तसा व्हायचा. एकदा मी शंभरावर असताना एक एसटी आम्हाला मागे टाकून गेली. मी म्हटलं, "आवो, ही एसटी सव्वाशेनं चालली का काय?" हे म्हणाले, "तिना ड्रायव्हर येडा शे." मला ते पटलं! इतकी शहाणी मी.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. आयुष्यभर 'मी मरी जासू' ओरडणारा माणूस ओसरीवर खुर्चीत बसल्या बसल्या गेला, गाडी पत्र्याखाली उभी असताना.

वर्षभर मी गाडीला हात लावला नाही. मग लावला, तर काटा मेलेला. इंजिन चालतंय, चाकं फिरतायत, काटा शून्यावर. लोक म्हणाले, या वयात वेग बघून काय करायचंय काकू? काय करायचंय! मला एकदा, फक्त एकदा, त्या काट्याला शंभरावर टेकलेलं बघायचं होतं. बाकी काही परत येत नाही हे मला कळतं, मी काही वेडी नाही. पण तो काटा येऊ शकत होता. ती एकच गोष्ट दुरुस्त होण्यासारखी होती, आणि तिच्यासाठी माझा जीव तुटत होता.

शहाद्यात ह्यांच्या हाताखाली शिकलेले एक गृहस्थ आहेत. कारखाना सोडून आता ट्रॅक्टरची मीटरं दुरुस्त करायचं दुकान चालवतात. मला वहिनी म्हणतात. त्यांनी मीटर उतरवलं, मागून उघडलं, आणि म्हणाले, "ग्रीस सुकीसन गोंद व्हई जायेल शे, वहिनी. काटा चिकटी गया." पेट्रोलनं धुतलं, तेलाचा एक थेंब सोडला, ड्रिल मशीन लावून फिरवलं, तर काटा थरथरला आणि उठला. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथल्या तिथे म्हटलं, "चला, आत्ताच बसवा, आत्ताच जाऊ."

ह्यांच्या जागेवर ते बसले, हातात मोबाइल घेऊन. त्यात म्हणे खरा वेग दिसतो. प्रकाशाच्या रस्त्याला लागलो. साठ, ऐंशी, नव्वद. काटा शंभरावर टेकला आणि माझे डोळे भरून आले. बाजूला बघितलं तर ते मोबाइलकडे बघून कपाळाला आठ्या घालून बसलेले.

"वहिनी, यामा काहीतरी गडबड शे. आठे चौसष्ट दाखी ऱ्हायना."

"तुमचा मोबाइल बिघडला असेल."

"मोबाइल बराबर शे."

परत दुकानात. या वेळी त्यांनी काटा काढला आणि तबकडी उजेडात तिरकी धरली. काळ्या रंगाखाली जुने इंग्रजी आकडे उठून दिसत होते. जिथे ह्यांनी शंभर काढला होता, त्याच्या खाली चाळीस होता. चाळीस मैल, म्हणजे मोबाइलवाले चौसष्ट.

मला आधी काय झालं असेल, तर अंगाचा तिळपापड झाला. खोटं सांगत नाही. फसवलं की मला! माहेरी मी मोठ्या तोऱ्यात सांगत होते, तुमची पोरगी शंभरनं गाडी चालवते. आणि हा माणूस चौसष्टला डॅशबोर्ड धरून 'मरी जासू' ओरडत होता! केवढं नाटक! एसटीचा ड्रायव्हर येडा म्हणे. येडी मी.

"वहिनी," ते एकदम हळू म्हणाले, "मांगे देखा."

तबकडीच्या मागच्या बाजूला, जिथे ती उतरवल्याशिवाय कोणाची नजर पडणार नाही, तिथे कारखान्याची तीच छोटी चिठ्ठी होती. अक्षर ह्यांचं.

तपासले.
फरक: आहे. मुद्दाम.
हात लावू नये.

खाली सही.

मी ती चिठ्ठी कितीदा वाचली कोण जाणे. जन्मात एक मीटर खोटं केलं, आणि तेही लिहून ठेवल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. माणसं मरू नयेत म्हणून मीटर खरं ठेवणारा माणूस. मी मरू नये म्हणून त्यानं हे एक खोटं केलं. मला रागावले असते तर मी ऐकलं नसतं, हे त्यांना माहीत होतं. माझी हौसही मोडली नाही आणि मलाही जपलं. मला त्या क्षणी ते इतके हवे होते, की समोर असते तर आधी चांगली भांडले असते.

ते गृहस्थ अवघडून उभे होते. म्हणाले, "भाऊनी माले शिकाडं, खोटं मीटर टेबलवरथीन उठू देवानं नही. तुम्ही सांगा. खरं करी देऊ का?"

"हात लावू नये असं लिहिलंय ना त्यांनी? शे तसंच राहू द्या."

त्यांनी मान हलवली. मग खिशातलं पेन काढलं. ह्यांच्या सहीखाली बोटभर जागा होती. तिथे त्यांनी लिहिलं: 'तपासले. फरक: तोच.' सही केली, तबकडी बसवली, काटा लावला.

पुढच्या रविवारी मी एकटीच निघाले. रस्ता मोकळा होता. काटा शंभरावर आला. आता मला ठाऊक होतं की हे चौसष्ट आहे, पायात अजून जागा आहे, आणि मला थांबवणारं बाजूला कोणी नाही. एवढी वर्षं ज्या वेगासाठी मी हपापले होते, तो पायाच्या बोटाखाली होता. काटा मी केसभरही पुढे जाऊ दिला नाही.

थोडं अंतर तशीच गेले. बाजूच्या सीटवरून आवाज येईना.

मग मीच ओरडले, "शंभर! धीरे चाल वं, मी मरी जासू!"

आणि पाय सैल केला.