दुर्बीणबाईंचं मुकं गाव

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीच्या पट्ट्यावर एक बाई बसत. भट्टीतून निघून गार झालेल्या बाटल्या पांढऱ्या उजेडाच्या फळीसमोरून ओळीने सरकत जायच्या. त्यातली तडकलेली, बुडबुडा धरलेली, गळ्याशी वाकडी झालेली बाटली बाई उचलून बाजूच्या पिंपात टाकायच्या. केसाएवढी चीर असली तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. म्हणून त्यांचं नाव पडलं दुर्बीणबाई. खरं नाव हजेरीच्या वेळी निघायचं तेवढंच.

बाटलीवर बाटली आपटून पट्ट्यावर जो खणखणाट चालायचा, त्यात शेजारणीचं बोलणं ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. बायका हातांनी बोलत, भुवयांनी भांडत. कानात घालायला बोळे मिळायचे, पण दुर्बीणबाई ते खिशात ठेवत. कान खाजतात, म्हणत. नोकरीला लागल्या तेव्हा लग्न व्हायचं होतं, आता केस पिकले होते, तरी बोळे खिशातच.

नवरा सार्वजनिक वाचनालयात कामाला. त्यांना सगळे लायब्ररीवाले म्हणत. लोकांना गप्प बसवण्यात ज्याचा जन्म गेला त्याचा आवाज कुठून मोठा असणार? घरी आले की बाईंची तक्रार ठरलेली.

"अहो, तोंडातल्या तोंडात काय बोलता? तुमचं वाचनालय तिकडेच ठेवून येत जा."

लायब्ररीवाल्यांना हे पटलेलं होतं. ते पुटपुटतात, असं सगळ्या गोतावळ्याचंच मत होतं. सुरुवातीला त्यांनी आवाज चढवून बघितला, पण स्वतःच्याच घरात ओरडून मीठ मागायचं त्यांच्या जिवावर यायचं. मग हळूहळू बोलणंच कमी झालं. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. दोघं एका घरात आपापली राहायची, एवढंच.

बाईंची एक भाची वर्षभर त्यांच्याकडे राहून शिकली. तिच्याकडे टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र होतं. दुसऱ्या शहरात नोकरी लागली तेव्हा ती म्हणाली, "मावशी, माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. हे तुझ्याकडेच राहू दे. वाटलं तर खेळ."

"मी खेळू? लाकडी घोड्यावर बसायचं वय गेलं माझं," बाई म्हणाल्या आणि यंत्रावर फडकं टाकून मोकळ्या झाल्या.

पुढे कारखान्याची भट्टी दुरुस्तीला काढली. भट्टीच्या आतल्या विटा बदलायच्या म्हणजे काही आठवडे काम बंद. बाईंना घरी बसायची सवय नव्हती. कपाटं आवरून झाली, पडदे धुऊन झाले, मग हात त्या फडक्याखाली गेला. भाचीला फोन लावून, तो पूर्ण आवाजात समोर ठेवून, कुठलं बटण कशाचं ते विचारत विचारत त्यांनी यंत्र चालू केलं. भाचीने अर्धवट सोडलेला खेळ होता, तिने तो त्यांना पहिल्यापासून लावायला सांगितला.

पडद्यावर एक तळं आलं. तळ्यावर धुकं. तळ्यात लाकडी खांबांवर उभी केलेली घरं आणि घराघरांना जोडणारे अरुंद फळ्यांचे पूल. माणूस कुठेच नाही. टेबलावर थाळ्या मांडलेल्या, दोरीवर कपडे वाळत घातलेले, आणि गाव रिकामं.

"माणसं कुठे गेली गं?" बाईंनी विचारलं.

"तेच तर शोधायचं."

"मेली असणार."

"मावशी, तू चालत तर बघ आधी."

बाई चालायला लागल्या. पहिल्या दिवशी दोनदा तळ्यात पडल्या, एका कोपऱ्यात तोंड खुपसून बराच वेळ भिंतच बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी वळायचं कसं ते हाताला कळलं. मग त्यांना एका गोष्टीची मोठी गंमत वाटली. इथे मागे कोणी लागत नव्हतं. मारामारी नाही, घड्याळ नाही, हरणं नाही. दार उघडत नसेल तर ते दार तुमची वाट बघत उभं राही. उभा जन्म त्या पट्ट्यासमोर बसल्या होत्या. बाटली कधी थांबली नव्हती, शिंक आली तरी ती पुढे जायची. इथे एखादी कडी, एखादं चाक, भिंतीवरचं एखादं चित्र कितीही वेळ निरखा, ते आपलं जागच्या जागी. डोळे तर त्यांचे तयारच होते. दोन खिडक्यांच्या नक्षीतला फरक, फळीवरचा ओरखडा, बाहुलीच्या हातातली किल्ली हे सगळं त्यांना चटकन दिसे. कोडी भराभर सुटत गेली.

आणि सगळ्यात आवडली ती शांतता. भाचीला त्या म्हणाल्या, "असं गाव हवं. चिडीचूप. मी त्याला मुकं गावच म्हणते." भाचीला वाटलं, माणसं नाहीत म्हणून मावशी असं म्हणते.

लायब्ररीवाले संध्याकाळी घरी आले की आधी दारातूनच बघायचे. मग एकदा खुर्ची घेऊन बाईंच्या शेजारी बसले. गावातल्या घरांत चिठ्ठ्या, पत्रं सापडत. बाईंना ती वाचायचा कंटाळा, लायब्ररीवाले मात्र एकूण एक वाचायचे. धुक्यातून सूर्य वर येई तेव्हा दोघंही काही न करता नुसते बघत बसत. बाई म्हणत, "हा रंग बघा, आपल्या औषधाच्या बाटल्यांचा असतो तसा." लायब्ररीवाले मान हलवत. बऱ्याच वर्षांनी त्या घरात दोघांनी मिळून करायची एक गोष्ट आली होती.

मग गाडं अडलं. गावाच्या टोकाला एक लांबलचक शेड होती, आत एकसारखी सात दारं. एक दार बरोबर, बाकी कुठलंही उघडलं की माणूस परत खेळाच्या सुरुवातीच्या, होड्या लागायच्या धक्क्यावर. पुन्हा सगळं चालत यायचं. बाईंनी सातही दारं बारकाईने बघितली. रंग तोच, बिजागऱ्या त्याच, लाकडाच्या रेषासुद्धा त्याच. ज्या नजरेतून केसाएवढी चीर सुटत नव्हती तिला इथे काही म्हणता काही सापडेना. अंदाजाने एकदा बरोबर दार लागलं, तर पुढे पुन्हा तशीच सात दारं. दोन दुपारी त्यात गेल्या. शेवटी नाइलाजाने भाचीला फोन केला.

भाची म्हणाली, "मावशी, ऐक."

"ऐकतेय. बोल."

"अगं, मी नाही बोलत. तू ऐक."

"ऐकतेय म्हटलं ना. बोल की पुढे."

"मावशी, दारं ऐक! एकेका दाराजवळ जाऊन उभी राहा."

बाई एकेका दाराजवळ जाऊन उभ्या राहिल्या. सगळी दारं सारखीच मुकी. "तुझं यंत्र बिघडलंय," त्यांनी सांगून टाकलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी लायब्ररीवाले आले. खांद्यावरची पिशवी अजून उतरवली नव्हती. पडद्यावर बाई चौथ्या दाराशी उभ्या होत्या. बाई म्हणाल्या, "यंत्राचा आवाज गेलाय. कोणीतरी बोलवा दुरुस्तीला."

"शीळ वाजतेय की," लायब्ररीवाले म्हणाले.

"काय?"

"शीळ," ते मोठ्याने म्हणाले. "या चौथ्या दारामागे."

बाईंना थट्टा वाटली. त्यांनी चौथं दार उघडलं. ते बरोबर निघालं. पुढच्या सात दारांपाशी त्यांनी नवऱ्याला पडद्याकडे पाठ करून उभं केलं आणि प्रत्येक दाराशी जाऊन विचारलं, "हे?" लायब्ररीवाले "नाही" म्हणत गेले आणि सहाव्याला "हे" म्हणाले. तेही बरोबर निघालं. मग बाईंनी आवाज वाढवला, आणखी वाढवला. तळ्याचं पाणी खांबांवर आपटल्याचा धप्प आवाज त्यांना आला. शीळ नाही. मागे वळून बघितलं तर लायब्ररीवाल्यांनी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले होते.

बाईंनी आवाज कमी केला. 

"आणखी काय काय वाजतं या गावात?"

लायब्ररीवाले खुर्चीवर बसले, आणि बाईंकडे तोंड करून, सावकाश सांगू लागले. रातकिडे आहेत. फळ्या करकरतात. एक पक्षी आहे, तो तीनदा ओरडून थांबतो. पलीकडच्या घरात कोणी गेलं की बारीक घंटी वाजते. धुक्यातही काहीतरी असतं, लांब कोणी गुणगुणल्यासारखं.

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

बाईंनी यंत्र बंद केलं आणि स्वयंपाकाला लागल्या. 

पुढचे काही दिवस त्यांनी यंत्राकडे ढुंकूनही बघितलं नाही. पण डोक्यातला किडा गप्प बसेना. चहाच्या किटलीची शीळ बिघडलीय म्हणून त्या ती बदलायला निघाल्या होत्या. आता त्यांनी किटली गॅसवर ठेवली आणि तोटीतून वाफ जोरात निघताना बघितली. बाहेरच्या खोलीतून लायब्ररीवाले उठून आले आणि गॅस बंद करून गेले. हातच्या काकणाला आरसा कशाला? दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच म्हणाल्या, "कानाच्या डॉक्टरकडे जायचंय. तुम्हीही चला."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोनचे मोठे गोळे चढवले, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. दुर्बीणबाई बटणावर बोट ठेवून डोळ्यात तेल घालून बसल्या, पण डोळ्यांचं तिथे काही काम नव्हतं. बराच वेळ काहीच आलं नाही. काचेपलीकडे बघितलं तर डॉक्टरीणबाईंचा हात चालूच होता. म्हणजे काहीतरी येत होतं.

बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बारीक, उंच आवाज गेलेत. असल्या कामात हळूहळू जातात, माणसाला पत्ता लागत नाही. गेलेले परत येत नाहीत, आहेत ते सांभाळा. समोरचा पुटपुटतोय असं वाटतं का तुम्हाला?"

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. लायब्ररीवाले भिंतीवरचं कानाचं चित्र फार लक्ष देऊन बघत होते.

जिना उतरताना बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला इतकी वर्षं उगाच..."

लायब्ररीवाले काहीतरी म्हणाले.

"काय?"

"म्हटलं, पायरी तुटलीय. बघून उतर."

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली ऐकण्याची कानातली यंत्रं आली तेव्हा पहिला आठवडा वैतागाचा गेला. कागद चुरगळला तरी अंगावर शहारा येई. ताटली ठेवली की दचकायला होई. आपला स्वतःचा आवाज एवढा मोठा आहे, हे बाईंना पहिल्यांदाच कळलं आणि त्या थोड्या ओशाळल्या. मग एका सकाळी त्यांनी लायब्ररीवाल्यांना सांगितलं, ओला पंचा खुर्चीवर टाकू नका.

लायब्ररीवाले पंचा उचलून बाहेर जाता जाता म्हणाले, "जो हुकूम, फौजदारीणबाई."

"काय म्हणालात?"

लायब्ररीवाले जागच्या जागी थबकले. "तुला ऐकू आलं?"

"आलं ना. फौजदारीण."

बिचाऱ्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. लोकांना वाटायचं, हा माणूस मूग गिळून बसतो. पण बाईंच्या पाठीमागे, दोन हातांवरून, ते रोज मनातलं सगळं बोलून टाकत होते, आणि ते सुखरूप हवेत विरून जात होतं.

"आणखी काय काय म्हणत आलात इतकी वर्षं?"

"फार काही नाही."

"सांगा तरी."

त्यांनी दोनचार नावं सांगितली. एक तर इतकं चपखल होतं की बाई ओट्याला टेकून हसत सुटल्या. पुढे मात्र लायब्ररीवाल्यांना जपून राहावं लागलं, आणि त्याचा उपयोग असा झाला की जे म्हणायचं ते ते तोंडावर म्हणायला लागले. भांडणं वाढली. बाईंची त्याला हरकत नव्हती.

मुक्या गावात त्या परत गेल्या त्या भट्टी सुरू व्हायच्या थोडं आधी. कानात यंत्रं घालून धक्क्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांना ते गाव ओळखू येईना. किडे, फळ्या, तो तीनदा ओरडणारा पक्षी, सगळी नुसती गर्दी. शेडमधली शीळ आता स्पष्ट वाजत होती. बरोबर दारं एकामागून एक उघडत गेली, आणि तरी बाईंना म्हणावा तसा आनंद झाला नाही. भाचीला त्या फोनवर म्हणाल्या, "सुंदर आहे गं. पण मी राहत होते ते गाव हे नव्हे."

"मग यंत्रं काढून खेळ."

"तेही करून बघितलं. आता कळतं ना, की वाजतंय."

दोघांनी मिळून खेळ संपवला. माणसं मेली नव्हती. तळ्याचं पाणी वर चढत होतं म्हणून होड्यांत बसून दुसरीकडे राहायला गेली होती.

"एवढंच?" बाई म्हणाल्या.

"पत्रांत पहिल्यापासून लिहिलं होतं," लायब्ररीवाले म्हणाले. "तू वाचत नव्हतीस."

भट्टी पेटली, पट्टा सुरू झाला. दुर्बीणबाई आता कानांवर खणखणाट अडवणारे जाड गोळे चढवून बसतात. बायका हसल्या, दोघीतिघींनी नंतर स्वतःसाठीही मागून घेतले, बाकीच्यांचे कान खाजतात.

भाचीने दुसरा एक खेळ पाठवला आहे. त्यात बर्फ आहे, डोंगरावरचं बंद पडलेलं स्टेशन आहे आणि आत कुठेतरी चालू राहिलेला एक रेडिओ. लायब्ररीवाल्यांना तो रुक्ष वाटतो, त्यात वाचायला काही नाही म्हणतात. बाई रविवारी दुपारी एकट्याच खेळतात. बर्फावर पाय पडला की कुरकुर असा एक बारीक आवाज येतो. त्या आवाजासाठी त्या कित्येकदा स्टेशनात शिरतच नाहीत, बाहेरच्या बाहेर फिरत राहतात.