टोमॅटोखालची होडी

गल्लीतले सगळे तिला आत्याच म्हणत. चष्म्याच्या दुकानात वर्षानुवर्षं भिंगं घासून तिची नजर अशी तयार झाली होती, की केसाएवढी चीरही तिच्यापासून लपत नसे. सुट्टीच्या दिवशी ही नजर जुन्या होड्यांवर चाले. हंगाम संपला की बोट क्लबवाले कयाक आणि कॅनू या वल्हवायच्या छोट्या होड्या विकायला काढतात आणि भाव पडतात, हे तिला पाठ होतं. भाचे, शेजारी, ओळखीचे, सगळ्यांना तिने स्वस्तात होड्या मिळवून दिल्या. स्वतःसाठी मात्र मनासारखी एक सापडत नव्हती.

एका रविवारी ती नवऱ्याला घेऊन एक कयाक बघायला गेली.

"नवीकोरीच समजा," विकणारा म्हणाला.

आत्याने आत बादलीभर पाणी ओतलं आणि खाली वाकून पाहिलं. टपटप चालू झालं होतं.

"दादा, ही होडी नाही, चाळण आहे," ती म्हणाली आणि निघाली.

परतताना एका अंगणापाशी तिचे पाय थबकले. दोघांना बसता येईल अशी लांब कॅनू, मातीने भरलेली, आणि तिच्यात ओळीने टोमॅटोची झाडं. आत्या खाली बसली, बाहेरून बोटं फिरवत गेली. कुठे चीर नाही.

घरातून एक बाई बाहेर आल्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. "टोमॅटो हवेत का?"

"टोमॅटो नकोत बाई, कुंडी हवी."

बाई खळखळून हसल्या. "आमचे हे गेल्यापासून ती पाण्यात गेलीच नाही. फुकट न्या. झाडं तेवढी मरू देऊ नका."

"फुकट नको. बाजारात जो भाव आहे त्याच्या निम्मे पैसे तरी घ्या."

"लोक भाव पाडतात, ही चढवतेय," नवरा पुटपुटला.

पुढचे दोन रविवार त्याने लाकडी पेट्या ठोकल्या आणि आत्याने एकेक झाड मुळासकट हलवलं. दोन गेली, बाकीची तरारली.

होडी तळ्यात सोडायच्या दिवशी बाई नुसतं बघायला म्हणून आल्या. आत्याने त्यांनाच पुढे बसवलं. "अहो, तुम्ही नंतर," नवऱ्याला सांगितलं.

"मला जमेल?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही आकडे मोजा, त्या तालावर दोघी वल्हवू."

विसापर्यंत नुसतंच पाणी उडालं. मग दोन्ही वल्ही एकदम पडू लागली. तळ्याच्या मधोमध आत्या होडी परत वळवायला लागली, तशा बाई म्हणाल्या, "एवढ्यात कुठे? पलीकडे जाऊ."

नवरा तासभर काठावर दोघींच्या चपला सांभाळत बसला. आता त्यालाही स्वतःची होडी हवी आहे. आत्या शोधतेय, आणि बघायला जाताना बाईंना बरोबर नेते.