मास्तरांची खाडी, गणूचे रंग

दत्तू मास्तरांचा एक किस्सा सांगायला घ्यावा, तर मागून दुसरा ओरडतो, "आधी मी!" भाट्याच्या खाडीवर होडीची वाट बघता बघता माझ्याकडे असे पुष्कळ साठलेत. मीठ माझं, पण मासा ताजा आहे!

तीस सालाच्या आसपास मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. मुंबईत शिकताना कुणी तरी त्यांना फ्रेंच चित्रांची छापील पानं दाखवली आणि माणूस बिघडला. "वस्तू रंगवायची नाही रे, तिच्यावरचा उजेड रंगवायचा!"

*

एकदा त्यांनी बाबा खोतांचा कातळ जांभळा रंगवला. खोत भडकले, "माझ्या कातळाला कुणी मारलंन काय? पार काळानिळा केलात!"

मास्तरांनी त्यांना सूर्य बुडेपर्यंत तिथंच उभं केलं. दुसऱ्या संध्याकाळी खोत सगळं घर घेऊन कातळ बघायला आले!

*

होडीवाल्या गणूला मास्तर भर खाडीत होडी थांबवायला लावायचे. बाजाराला निघालेली चंद्री कोळीण कातावायची, "मास्तर, तुमचा उजेड बघून होईस्तोवर माझे बांगडे वास मारतील!"

गणूही पुटपुटायचा, "पानी म्हंजे पानी. त्याला कसला वो रंग?"

*

मग मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. निळा-जांभळा एकच दिसू लागला. ऑपरेशनला आठ दिवस उरलेले, डोळे परत येतील अशी खात्री डॉक्टरही देईनात. आणि मावळतीच्या खाडीचं मोठं चित्र अर्धंच!

मी म्हटलं, "रंग मी सांगतो."

"तू? तू आंब्याला फणस म्हणशील! गणू सांगेल. त्याला थापा जमत नाहीत."

गणूनं रंगांच्या नळ्यांना आपली नावं दिली. लालजांभळा तो रातांबा, पिवळा तो फणसाचा गरा, निळसर-चंदेरी तो बांगडा.

"बांगड्याची पाठ की पोट?" मास्तर विचारायचे.

"पाठ. पन सकाळच्या बांगड्याची, दुपारच्या नव्हं!"

*

आठवी, शेवटची संध्याकाळ. होडीत मास्तर, मी, चंद्री. खाडीच्या मधोमध गणूनं आपणहून वल्हं उचललं.

"अरे, चल की! माझे बांगडे..."

"गप ऱ्हा गो!" पाण्यावरची नजर न काढता गणू म्हणाला. "मास्तर, घाई करा. रातांबा जातोय... गेला. आता जे आलंय ना, त्याला माझ्याकडं नाव नाय."

मास्तर कुंचला त्याच्यापुढे धरून म्हणाले, "मग तूच लाव."

गणूनं हात लुंगीला पुसले. वल्हं चंद्रीकडे दिलं. चंद्रीनं बांगड्यांची पाटी बाजूला सारली आणि होडी जागच्या जागी धरून ठेवली.