गाडी वळणावर जाईपर्यंत केर नाही

अगो बायो, जवळ सरक जरा. तू तिकडे मुंबईला आणि मी इथे, हे कळतंय मला. तरी सरक, कारण हे मोठ्याने सांगण्यातलं नाही. आणि आधी तुझा कान पकडू दे. माझ्या सख्ख्या बहिणीची नात तू. रत्नागिरीपर्यंत आलीस, समुद्र दिसतो म्हणून मैत्रिणींबरोबर त्या उंच हॉटेलात उतरलीस, आणि आमच्याकडे घटकाभर टेकून पेढ्यांचा पुडा ठेवून निघालीस. कोकमाचं सरबतसुद्धा अर्धं टाकलंस! परक्या माणसांनी चार दिवस सुखाने राहावं म्हणून ज्या घराची पडवी आम्ही भिंती घालून बंद करून घेतली, त्या घरात घरचीच पोर राहात नाही. शोभतं का तुला?

निघताना तू विचारलंस, "आजी, ही पडवीतली खोली बंद का ठेवलीय? चांगली भाड्याने जाईल की." तेव्हा तुझ्या मैत्रिणी गाडीत बसून हॉर्न वाजवत होत्या, म्हणून मी नुसती हसले. आता ऐक.

ऐंशी सालापुढची वर्षं ती. आपल्या या किनाऱ्याला तेव्हा कुठे घाटावरचे लोक फिरायला म्हणून यायला लागले होते. त्याआधी येणारा यायचा तो देवाला. त्याला धर्मशाळा होती. तिथे स्टोव्ह आपला, वळकटी आपली, विहिरीचं पाणीही आपणच ओढायचं. सरकारी बंगला होता टेकडीवर, पण तो साहेबलोकांचा. तिथला खानसामा आमच्याकडून अंडी न्यायचा आणि आज कोणते साहेब उतरलेत ते असं सांगायचा जसे काही त्याचे व्याहीच. रत्नागिरीत स्टँडजवळ लॉज होते, फिरतीवरच्या विक्रेत्यांचे, कॉटला कॉट लावलेले. पुढे वाळूत तंबू आले. नवी जोडपी हौसेने तंबूत राहायची. एकदा वारा सुटला तर एक तंबू थेट आमच्या माडाला येऊन अडकला, आणि मागून त्यातलं जोडपं चादर सांभाळत धावत आलं. सासूबाई म्हणाल्या, "घरं सोडून कापडात कशाला निजतात हो ही?"

पण बायकामुलांना घेऊन येणाऱ्याला यातलं काहीच सोयीचं नसे. त्याला हवी असायची चार भिंतींची खोली, गरम पाणी आणि "जेवलात का" म्हणून विचारणारं कुणीतरी. म्हणून आमच्या ह्यांनी पडवी बंद करून खोली केली, तिला अंगणातून वेगळं दार काढलं, आणि फळी रंगवून माडाला ठोकली: राहण्याची व जेवणाची घरगुती सोय. आतून घरात येणाऱ्या दाराला आमच्या बाजूने कडी. बाहेरच्या दाराला कुलूप, किल्ली पाहुण्याकडे.

सासूबाईंची एकच अट होती. पाहुणा निघाला की त्याच्या पाठीमागे लगेच केर काढायचा नाही. ही रीत तुझ्या आईलाही ठाऊक असेल, विचार तिला. माणूस घराबाहेर पडल्यावर लगोलग केर काढतात तो एकदाच, मयत उचलल्यावर. जित्या माणसामागे केरसुणी फिरवायची नाही.

मी म्हटलं, "अहो आई, पण हे पाहुणे नव्हेत, पैसे देऊन राहणारे आहेत."

"तो फरक तू कर," त्या म्हणाल्या. "उंबरा करीत नाही."

आता लॉज चालवणाऱ्याला ही अट म्हणजे कठीणच गो. मे महिन्यात एक कुटुंब बाहेर पडतंय तोवर दुसरं पिशव्या घेऊन अंगणात उभं. मग आम्ही वाट काढली. जयगडकडून येणारी रत्नागिरीची गाडी आपल्या थांब्यावरून निघते, घाटी चढते, आणि सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर जाताना वळणावर हॉर्न देते. तो हॉर्न ऐकू आला की पाहुणा गावाबाहेर पडला. मगच केरसुणी हातात घ्यायची. तोवर नव्या मंडळींना ओटीवर बसवून सरबत द्यायचं. आमचे हे त्यांना सांगत, "थांबा हं, आमच्या लॉजचं दार एस्टीच्या हॉर्नने उघडतं." लोक हसायचे. रत्नागिरीच्या स्टँडवरही आमची थट्टा चाले: त्या घरात जा, तिथे गाडी लांब जाईपर्यंत केर काढत नाहीत.

ही थट्टा ऐकूनच तो आला होता. पण ते मला मागाहून कळलं.

दिवाळी होऊन गेली होती, गर्दी ओसरली होती. दुपारच्या गाडीने एकटाच उतरला. पन्नाशीचा, घाटावरचा, पांढरा सदरा, हातात रेक्झिनची बॅग. बोलायला मऊ, पण बोलणारा नव्हे. पानात वाढलेलं निम्मं राहायचं. मी म्हटलं, "काका, मासा आवडला नाही का?" तर म्हणाला, "छान आहे हो, ताई. भूकच हरवलीय." दिवसभर वाळूवर जाऊन बसायचा. दुपारी खोलीत थांबत नसे. ऊन असो काही असो, जेवण झालं की बाहेर.

जायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. जेवणं उरकून मी माजघरात आडवी झाले होते. सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. वारा अगदी पडलेला, माडाचं पातं हलत नव्हतं. आणि पलीकडे, पडवीतल्या खोलीत, कुणीतरी केर काढायला लागलं.

सर्र... सर्र... थांबून पुन्हा सर्र. कोपऱ्यात अडकलं की बाई जशी केरसुणी उभी धरून टोचते, तसं टोचणंसुद्धा ऐकू आलं गो. मी उठून बसले. सासूबाईंचा हात सुपावर थांबला होता.

"झावळ कौलांवर घासतेय," मी म्हटलं.

"वारा कुठाय?" त्या म्हणाल्या.

मी मागीलदारी जाऊन पाहिलं, तो खाली वाळूवर बसलेला स्पष्ट दिसत होता, पांढरा ठिपका. माघारी आले तेव्हा आवाज थांबला होता. सासूबाईंनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. दिवसाढवळ्या, भरल्या घरात काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चहा घेतला, माझ्या हातात किल्ली दिली, नमस्कार केला आणि बॅग घेऊन निघाला. जाणारं माणूस "येतो" म्हणतं, तेही म्हणाला नाही. मी ओटीवर कान देऊन बसले. गाडी आली, चढली, वळणावर हॉर्न वाजला. मग केरसुणी घ्यायच्या आधी चादरी काढाव्यात म्हणून मी कुलूप काढलं.

खोली झाडलेली होती. नुसती झाडलेली नव्हे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर केरसुणीच्या रेघा उमटल्या होत्या, भिंतीपासून दाराकडे येणाऱ्या, सगळ्या एका दिशेने. आणि केराचा लहानसा ढीग उंबऱ्याशी, बाहेर टाकायच्या बेताने लावून ठेवलेला. वाळू, एक विडीचं थोटूक, आणि राखाडी केसांचा गुंता. बाईच्या लांब केसांचा. त्या खोलीत कितीतरी दिवसांत बाई उतरली नव्हती.

मी हाक मारली. सासूबाई आल्या आणि उंबऱ्याशीच थबकल्या.

"स्वतःच्या पाठीमागे केर काढून गेला," त्या म्हणाल्या. "हा माणूस गावाला नाही गेलेला. बघ कुठे आहे तो. धाव!"

"पण आई, केरसुणी तर आपल्या चुलीमागे आहे, त्याने कशाने..."

"ते मागाहून! आधी माणूस आण."

मागीलदारातून वर पाहिलं, तर थांब्याच्या उलट्या बाजूला, सड्याच्या समुद्राकडच्या टोकाला जाणाऱ्या पायवाटेवर पांढरा सदरा. त्या वाटेने पुढे काहीच नाही. कातळ, आणि कातळ संपला की खाली समुद्र. हे बागेत होते, हाक मारण्याइतका वेळ नव्हता. पदर खोचून मी एकटीच धावले.

सड्यावर गवत पिवळं पडलं होतं. एरवी तिथे वारा माणसाला उभं राहू देत नाही. त्या दिवशी गवताची काडी हलत नव्हती. खाली एवढा समुद्र, पण त्याचाही आवाज नाही. माझाच श्वास तेवढा कानात वाजत होता. तो अगदी कडेला पाय सोडून बसला होता. मागे चपला जोडीने नीट लावलेल्या, देवळाबाहेर लावतात तशा. शेजारी बॅग.

त्या चपला पाहिल्या आणि मी तिथेच थांबले. ओरडावं तर दचकून जाईल. म्हणून लांबूनच, जेवायला बोलवावं तसं म्हणाले, "काका, चला. भात होत आलाय."

त्याने वळून पाहिलं नाही. "किल्ली दिली ना मी, ताई?"

"दिलीत हो. पण खोलीचा केर का काढलात? आमच्यात पाहुणा केर काढत नाही."

त्याने शेजारची बॅग जवळ ओढली. मग म्हणाला, "मी नाही काढला." चोरी नाकारावी तसं नव्हे. रोजचं काही सांगावं तसं.

 सुचलं ते मी बोलून गेले. "मग काल दुपारी कोण काढत होतं? तुम्ही वाळूवर होतात. आत केरसुणी फिरत होती. मी ऐकली. आमच्या सासूबाईंनी ऐकली."

तेव्हा तो वळला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तुम्हाला ऐकू आली?"

"दोघींना."

"खरं सांगताय? मला उठवण्यासाठी नाही ना?"

"कोपऱ्यात टोचत होती," मी म्हटलं. "थांबून थांबून."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान मुलासारखा रडला. मग पाय वर घेतले. मी जागची हलले नाही. तो सरकत कडेपासून आत आला, तेव्हा कुठे मी खाली बसले.

सांगितलं ते थोडक्यातच. पावसाळ्यात बायको गेली. घरात दुसरं बाईमाणूस नाही, मूलबाळ नाही. तिला उचलल्यावर केर काढायला कुणी पुढे झालं नाही, म्हणून यानेच काढला, ती रोज ज्या केरसुणीने काढायची तिनेच. तेव्हापासून दुपार झाली की आवाज. घर सोडलं. धर्मशाळेत राहिला, तिथे म्हणाले वारा असेल. स्टँडवरच्या लॉजात राहिला, लॉजवाला म्हणाला उंदीर. तिथेच आमची थट्टा कानावर आली, आणि जिथे पाठीमागे केर काढत नाहीत त्या घरात आला. "ती माझ्या पाठीमागे केर काढतेय, ताई. म्हणजे मी गेलोच आहे, फक्त मलाच कळलेलं नाही. नाहीतर मग माझं डोकं फिरलंय. यातलं काहीही असलं तरी जगायचं कशाला?"

"डोकं फिरलं असेल तर आम्हा दोघींचंही फिरलंय," मी म्हटलं. "घ्या चपला."

घरी आलो तर सासूबाई खोलीत ओणव्या. उंबऱ्याशी लावलेला तो केर त्यांनी सुपलीत भरला होता आणि मूठमूठ परत खोलीत पसरत होत्या, भिंतीपर्यंत, भात पेरावं तसा. असलं काही करताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. त्याला पाहून म्हणाल्या, "यावरून चालत आत या. अनवाणी." तो चालला. धुळीत पावलं उमटली.

मग त्या कोपऱ्याकडे तोंड करून बोलल्या, शेजारणीशी बोलावं तशा. "बाय, तो जायचाय अजून. घाई करू नकोस. दमलीस तू. ठेव ती केरसुणी नि बस."

कोपऱ्यात कुणी नव्हतं. पण त्या क्षणभर थांबल्या आणि त्यांनी मान डोलावली. कुणीतरी बरं म्हटल्यासारखी.

तो आणखी काही दिवस राहिला. पोटभर जेवू लागला, दुपारचा झोपू लागला. ह्यांनी त्याला बागेत खतं घालायला नेलं, म्हणाले, "आमच्या लॉजात कामाला माणूस मिळाला एक!" निघताना ओटीवर उभा राहून तो म्हणाला, "येतो." आम्ही दोघी कान देऊन बसलो. गाडी चढली. वळणावर हॉर्न वाजला. आणि हॉर्न विरल्यावर, बंद खोलीत, सर्र... सर्र...

सासूबाई म्हणाल्या, "शिकली. गाडीसाठी थांबली बघ."

पुढे तो अधूनमधून यायचा. त्याच्या मागचा आवाज थांबला होता. ती आमच्याकडे राहिली, कायमची उतरलेली. म्हणून ती खोली आम्ही पुन्हा कुणाला दिली नाही. पाहुण्यांसाठी मागे दुसरी काढली. आता सासूबाई नाहीत, हे नाहीत, तोही यायचा थांबला. मी आणि ती. पाहुणा जातो, गाडी वळते, ती झाडते. इतक्या वर्षांत एकदाही आधी नाही.

म्हणून तर लिहायला बसले, बायो. त्या दिवशी तू निघालीस. तुमची गाडी अजून माडांखालीच होती, तुझा हात खिडकीबाहेर हलत होता. आणि माझ्या पाठीमागे खोलीत केरसुणी सुरू झाली.

मनाला लावून घेऊ नकोस. मी लगेच कुलूप काढलं, ओणवं होता येत नाही तरी बसून बसून सगळा केर परत पसरला, आणि तिला चांगली रागावले. पण त्यावर तुझी पावलं उमटायला हवीत गो. मैत्रिणी नकोत, पेढे नकोत. या आठवड्यातच ये. चपला अंगणात काढ आणि सरळ आत चालत ये. मी केर तसाच ठेवलाय.