अट्रॅक्टाच्या घरची मिस्सा

मार्टी गिल्डेचं वरच्या वळणावरचं घर सरकारदरबारी पडकं होतं. छप्पर गळतं, चूल नाही, माणसानं राहण्यालायक नाही, असं त्यानं स्वतःच लिहून दिलं होतं. म्हणजे घरपट्टी नको आणि भाडेकरूची नोंदणीही नको. त्याच पडक्या घरात अट्रॅक्टा डिव्हेनी लेकीला घेऊन चार वर्षं राहत होती आणि दर शुक्रवारी त्याच्या हातावर रोख भाडं ठेवत होती.

आमच्या नॉकरो वाडीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण शेजाऱ्याचं नाव सरकारला सांगायचं नाही, ही आमची बायबलातल्या दहा आज्ञांनंतरची अकरावी आज्ञा. माझ्या आजोबांच्या वेळी एकानं सांगितलं होतं, तर त्याच्या मयताला खांदेकरी मिळेनात. शेवटी गाढवाची गाडी आणली, आणि ते गाढवही अर्ध्यात अडलं. असो.

मासळीच्या कारखान्यात अट्रॅक्टाचं काम निम्म्यावर आलं. अशा माणसांना भाड्याचा मोठा वाटा कौन्सिल, म्हणजे परगण्याची सरकारी कचेरी, देतं, पण कागदावर घरमालकाची सही लागते. ती कागद घेऊन मार्टीला गाठायला गुरांच्या बाजारात गेली. तो चारचौघांत म्हणाला, "पडक्या घराला भाडं कसलं गं बाई?" आणि पोट धरून हसला. वर, नाताळच्या आत घर रिकामं कर, मला ते सुट्टीवर येणाऱ्या पाहुण्यांना द्यायचंय, हेही तिथंच सांगून टाकलं.

घर जाणार याचं तिला भय होतंच. पण ते हसणं तिच्या काळजात काट्यासारखं रुतलं.

आमच्याकडे वर्षातून दोनदा वाडीतल्या एका घरी फादर येऊन मिस्सा, म्हणजे मोठी प्रार्थना, म्हणतात. सगळी वाडी जमते, मग चहा-नाश्ता. पाळी लावायचं काम माझ्याकडे. अट्रॅक्टा आली आणि शांतपणे म्हणाली, "काका, ऑक्टोबरची मिस्सा माझ्याकडे लावा."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. माझ्या ध्यानात आलं आणि असं हसू फुटलं की पाईप विझला.

फादरनी रविवारी देवळात पुकारलं. मार्टी धावत माझ्याकडे आला, दुसरं घर बघ म्हणाला. मी म्हटलं, पुकारलेलं कसं फिरवायचं? घरी त्याची बायको फिलोमिना हरखून गेली होती. आपल्या घरात मिस्सा आणि भिंतींना ओल, मी काय तोंड दाखवू, म्हणून तिनं त्याला शिडीवर चढवलं. चार वर्षं अट्रॅक्टा जे मागत होती ते सगळं पंधरवड्यात झालं. कौलं बदलली, नवी शेगडी आली, भिंती लोण्यासारख्या पिवळ्या झाल्या. मी रोज मुद्दाम तिकडून जायचो आणि खालून म्हणायचो, "वा मार्टी, राजवाडा झाला रे."

मिस्सेला सगळी वाडी लोटली. फिनबारची लेक ओर्लाही आली. ती कौन्सिलात घरांच्या खात्यात आहे, पण वाडीचीच पोर, आता शहरात राहत असली तरी मिस्सेला दरवेळी येते. तिला कुणी अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. ती आपली मनुकांचे पाव खात बसली होती.

प्रार्थना आटोपली. फादर म्हणाले, घर कसं सुरेख ठेवलंय. जो तो भिंतीवरून हात फिरवून मार्टीची पाठ थोपटायला लागला. मीही थोपटली, जरा जास्तच. स्तुतीनं माणसाचं डोकं फिरतं. मार्टी छाती काढून उभा राहिला आणि म्हणाला, "चार वर्षं ही बाई माझी भाडेकरू आहे. विचारा तिला, असं घर अख्ख्या परगण्यात मिळेल का?"

ओर्लानं कप खाली ठेवला. "मार्टीकाका, आमच्याकडे तर हे घर पडकं आहे."

फिलोमिना नवऱ्याकडे बघत राहिली, आणि ते बघणं मला सरकारी दंडापेक्षा जबर वाटलं. अट्रॅक्टानं लोण्याची बशी त्याच्यापुढे ठेवली. बशीशेजारी तोच कागद. "पेन आहे की देऊ?"

फादरांच्या समोर, वेदी म्हणून मांडलेल्या टेबलाच्या पांढऱ्या कापडावर त्यानं सही केली.

पुढे मागची घरपट्टी दंडासकट भरावी लागली, नोंदणी करावी लागली. बाजारात हसत तोंडी दिलेली नोटीस कायद्यात कवडीमोल ठरली. अट्रॅक्टा राहिली, नव्या शेगडीसकट. एकदा फाटकाशी मार्टीनं तिला गाठलं. "देवाला मध्ये घालून सूड घेतलास तू."

"देवाला चार वर्षं माहीतच होतं, मार्टी," ती म्हणाली. "ऑफिसला नव्हतं."

मला वाटलं, झालं, बाईचा राग शमला. कसला शमतोय! परवा पुन्हा दारात उभी. मार्टीचं तळ्याकाठी आणखी एक पडकं घर आहे, त्यात कारखान्यातली दोन पोरं राहतात. वसंतातली पाळी तिथं लावा म्हणाली.

मी म्हटलं, अगं, त्या पोरांना चहासुद्धा करता येत नाही.

"लावा तुम्ही," ती म्हणाली. "पाव मी भाजते."

लावलीय.