न चिरलेली डांगरं

डिग्री पेटीत घालून मी गावी पोचलो तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. नळदुर्गापासून तीन कोस पायी आलो होतो. आमच्या पंचक्रोशीतला पहिला बी. एस्सी. मी, हे मी कुणी न विचारताही सांगत असे, आजही सांगतो. आई दारातच बसली होती. हातभर अंतरावर जाऊन उभा राहिलो. तिनं माझ्याकडं तोंड वर केलं.

"कोन हाय जी?"

थट्टा वाटली, मी हसलो. हसण्यावरून तिनं ओळखलं, घाईनं उठली आणि चौकटीवर आदळली.

"दिवस बुडला की दिसत न्हाय, बाबा. वय झालं." वय पंचेचाळीसही नसेल.

सकाळी तिला नळदुर्गाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पापण्या उलटून पाहिल्या. "रातांधळेपण आहे. बाई, जेवता काय तुम्ही?"

"भाकर. चटनी."

"भाजी?"

"एकल्या जिवाला कशाला कालवन?"

डॉक्टर माझ्याकडं वळले. "आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर बुबुळंच गेली असती. मग दिवसाही अंधार." त्यांनी माशाच्या तेलाची बाटली पुढं केली. आईच्या गळ्यात तुळशीची माळ, मासा वर्ज्य. साप दिसावा तशी ती मागं सरली. "बरं, मग पालेभाजी खा. तांबडा भोपळा खा, तेलात परतून, रोज. डांगर होतं ना तुमच्याकडं?"

होतं म्हणजे? दर पावसाळ्यात आमच्या माळवदावर, घराच्या मातीच्या सपाट छपरावर, डांगराचा वेल पसरतो. घरी आल्या आल्या मी उतरंडीमागं वाकून पाहिलं. दसऱ्याला उतरवलेली सात डांगरं तिथं ओळीनं ठेवलेली. दोन सडून त्यांचं पाणी जमिनीत मुरलं होतं. एकालाही विळा लागलेला नव्हता.

"आई, ही चिरली का नाहीस?"

"घरात गडीमानूस कुठं व्हता?"

आमच्याकडं आख्ख्या डांगराला बाईमाणूस पहिला विळा लावत नाही. डांगर म्हणजे घरचा थोरला लेक, असं मानतात. गड्यानं पहिला वार करायचा, मग बाईनं हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. वडील गेले त्याला तीन वर्षं झालेली, आणि मी हैदराबादेला.

"शेजारच्या काकांना हाक मारायची!"

"लोकाच्या हातचा विळा माझ्या लेकराला लावू व्हय? तू येशील म्हनून ठिवली."

डांगर आपल्याकडचं नव्हे, फिरंग्यांनी जहाजातून आणलं. त्याच्या पिवळ्या गरात डोळ्यांना लागणारं सत्त्व असतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मार्कही चांगले पडले. मागल्या उन्हाळ्यात सुट्टीला आलो होतो, तेव्हा पारावरही सांगितलं होतं. त्यावर शेजारचे काका म्हणाले होते, "मंग त्या फिरंग्याच्या फळाला आमच्या बायका का भितात, ग्रॅज्युएटसाहेब?" सगळे हसले, मीही हसलो. पण आईला एकाही पत्रात विचारलं नाही, की तू काय खातेस.

संतापून मी विळा तिच्या हातात दिला. "चीर. परदेशी फळ आहे हे, कसला लेक?"

तिनं विळा खाली ठेवला. "तुझ्या पुस्तकात आसंल तसं."

शेवटी मीच चिरलं. मग रोज तेलातली भाजी, मधूनच गूळ घालून घारगे, बिया भाजून. डांगरं संपली तशी पावसाळी पालेभाजी आली. हळूहळू संध्याकाळी तिला दिव्याची वात दिसू लागली, मग माझं तोंड.

भादव्यात उस्मानाबादेच्या शाळेत मास्तरकीचा हुकूम आला. मला आनंदच होईना. मी गेलो की डांगरं पुन्हा उतरंडीमागं. आईला तसं बोललो, तर ती वर माळवदाकडं बोट दाखवून म्हणाली, "जा वर, अन् येकूनयेक कवळ्या फळाला नखाएवढा चरा मार. येलावर हाय तवर भरून येतंय ते. पहिला वार तुझा झाला. फुडं म्या हाय की."

वनस्पतिशास्त्र शिकलेला मी, आणि हे मला सुचलं नव्हतं.

पानं बाजूला सारत एकेका फळाला चरा मारत गेलो. मोजून अकरा. तोवर दिवस बुडाला. शिडीवर पाय ठेवला, तोच अंगणातून आईचा आवाज आला.

"आरं, पान्याच्या पन्हळीपाशी पानाआड येक ऱ्हायलं की!"

मला ते दिसलं नव्हतं.